खंडेनवमीची यादी

देवासला आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची यादी वाचतात. तलवारी दोन, कट्यार एक, ढाल एक, जुन्या वहीत, अक्षर पणजोबांचं. घरातल्या मुलाने मराठीत वाचायचं, बाकीच्यांनी एकेका नावाला फूल वाहायचं. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना त्यात अडखळला आणि मी, पेशाने मास्तर, सगळ्यांदेखत हसलो. त्याने पुन्हा मराठी वाचलं नाही. बोलणंसुद्धा हिंदीवर आलं. त्यानंतर यादी मीच वाचत आलो. आता मोतीबिंदू झाला आणि घरात वाचणारं कोणी उरलं नाही.

उरली सात वर्षांची नात, तीही हिंदीवाली. मराठीचं पुस्तक आणलं, तिने त्यावर चहाचा कप ठेवला. तिला वेड फक्त गाड्यांचं. म्हटलं, ठीक आहे. रोज संध्याकाळी बायपासच्या ढाब्यावर बसायचं, आणि ती मराठीत बोलली तरच मी उत्तर देणार. तीन दिवस दोघेही मुके. ढाबेवाल्याने विचारलं, भिया, भांडण झालंय का? चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आजोबा, त्या ट्रकचा मागचा टायर बसलाय.” बसलाच होता. मला इतका आनंद झाला की ड्रायव्हरला सांगायचं राहून गेलं.

मग ती महाराष्ट्रातून येणाऱ्या ट्रकांच्या पाठी मला वाचून दाखवायला लागली. आईची पुण्याई, अंतर ठेवा, सगळं पाठ झालं. आई दूध पी म्हणाली तर पोरगी म्हणे, नाद करायचा नाही. यात माझा दोष नाही.

खंडेनवमीला ती यादी घेऊन उभी राहिली. “तलवारी दोन,” असं वाचून थांबली आणि कुठे आहेत म्हणून विचारलं. नव्हत्याच. सगळीच शस्त्रं माझ्या जन्माआधी गेली होती. इतकी वर्षं आम्ही रिकाम्या पाटाला फुलं वाहत होतो, आणि कोणी विचारलं नव्हतं. तिने पेन्सिल घेतली, खाली चार ओळी लिहिल्या आणि वही बापाच्या हातात दिली. म्हणाली, “बाबा, तुम्ही वाचा. गाडी तुमची आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. लाज वाटत होती.

“गाडी एक,” तो वाचायला लागला. “पांढरी. चाकं चार.” मग अडखळला. कोणी हसलं नाही. त्याने बोट ठेवून तो शब्द पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि मी फूल वाहिलं.