उकळलेलं फडकं

परभणीच्या त्या खाजगी दवाखान्यात बायकांच्या खोलीला पत्र्याची एकच बादली आणि एकच फडकं होतं. आयाबाई सकाळी दाराजवळच्या खाटेपासून अंगं पुसायला लागायची. पहिल्या बाईच्या मांडीवर फुटलेलं गळू, दुसरी रात्रभर जुलाबानं बेजार. खिडकीपर्यंत येता येता बादलीतलं पाणी ताकासारखं व्हायचं. आणि खिडकीशी माझी आई होती.

खुब्याचं हाड मोडलेलं. पडून पडून पाठीला जखम झालेली. ती चिघळली तर म्हातारी हातची जाईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"मावशी, हात तरी धुवा," मी आयाबाईला म्हटलं.

"पाण्यातच तर हायेत की हात," ती म्हणाली.

मी त्याच दिवशी जर्मनचं पातेलं आणि नवी फडकी आणली. स्टोव्हवर फडकी उकळायची, वाळवायची, पातेल्यात झाकून आईच्या खाटेखाली ठेवायची. आईनं ते पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"मला येगळं भांडं कामून? मी काय बाटलेय व्हय?"

चुडाव्याजवळच्या आमच्या घरी वळचणीला एक टवका गेलेली कपबशी खोचलेली असायची. आमच्या सालगड्याची, कारण तो गावाबाहेरच्या वस्तीतला. नामांतराच्या दंगलीनंतर लोक त्याच्याशी जपून बोलायला लागले, कपबशी मात्र वळचणीलाच राहिली. आईला वेगळ्या भांड्याचा तेवढा एकच अर्थ ठाऊक होता. मी डबा आणायला गेले की ती आयाबाईकडून सगळ्यांच्या फडक्यानंच पुसून घ्यायची. माझी फडकी घडीसुद्धा न मोडता पडलेली असायची.

पाठीत पू झाला. असा वास सुटला की तिच्या खाटेजवळ डबा उघडवत नव्हता. डॉक्टरांनी सडलेलं मांस कापून काढलं. तापात ती बरळत होती आणि मी त्या बादलीला शिव्यांची लाखोली वाहत होते. कशीबशी वाचली. मग मात्र मुकाट्यानं माझ्या फडक्यानं पुसून घेऊ लागली.

घरी आणल्यावर सालगडी तिला बघायला आला. ती अंगणात पडली तेव्हा तिला उचलून बैलगाडीत घालणारा तोच. तेव्हा त्याचा हात आईला चालला होता. हौदावर हातपाय धुऊन तो ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. "लय वाळलाव की माय," म्हणताना त्याचे डोळे भरले. मी त्याला घरातल्या कपात चहा दिला. आईची नजर त्या कपावर होती.

तो गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"तो कप उकळून घे," ती म्हणाली. "तुला येतंय की आता."

दवाखान्यातली ती बादली परवडली, असं मला वाटलं.