पित्त फुटू नये म्हणून

रुखमाबाईचे हात रिकामे मी कधी पाहिले नाहीत. सावली गावच्या तलावाकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर, आमच्यामागे तिचं. नवरा इसरू जाळं टाकायचा, ती मासोळी विकायची, आणि सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची पोटं चोळायची. कुणाची बोंबी सरकली, म्हणजे बेंबी जागेवरून ढळून पोट दुखायला लागलं, की चटईवर निजवून, तेल सोडून, रुखमाबाई अंगठ्यानं ती जागेवर आणायची. निदान तिचा आणि गावाचा तसा विश्वास होता. माझंही पोट तिनंच चोळलेलं.

२००३ च्या उन्हाळ्यात तिचं लुगडं कमरेवर ठरेना. तलावावर बायांनी छळलं.

"काऊन वो रुखमाबाई, नातवासंगं आपलाबी पाळणा बांधता का?"

"इसरूले इचारा. मले का मालूम, मी त झोपून होती!"

सगळ्यांना हसवायची, पण घरी आली की भिंतीला टेकून स्वतःचंच पोट दाबत बसायची. तिच्या मते बोंबी सरकून हट्टाला पेटली होती. दुसऱ्याचा हात लावू देत नव्हती. एकदा मी बळेच हात ठेवला, तर आत नारळाएवढं टणक काहीतरी लागलं, आणि ते हललं. त्या संध्याकाळी देवापुढं बसले, पण स्तोत्राच्या ओळी जागेवर येईनात. उठले नि इसरूभाऊंना सांगून आले, आता तेल पुरे, डॉक्टरला दाखवा.

चंद्रपूरला सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ निघाली. सर्जन डॉक्टरांना ते पटेना. त्यांनी सीटी स्कॅन करायला लावला, फोटो उजेडाच्या पाटीवर अडकवला आणि आम्हालाही जवळ बोलावलं.

"अंडाशय चांगले आहेत. जठर, आतडी, तीही मोकळी. आतड्यांवर चरबीचा पडदा असतो, गोळा त्यात वाढलाय. सुई टोचून तुकडा काढायचा नाही, आतलं सांडायची भीती आहे. अख्खा काढायचा. फुटला तर पोटभर बी पेरल्यासारखं होईल."

मग त्यांनी विचारलं, "पोट कोणी चोळतं का?"

इसरूभाऊंनी तिच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

"नाई जी," रुखमाबाई म्हणाली. "कोनी नाई."

"चोळू देऊही नका," डॉक्टर म्हणाले.

येताना एसटीत ती माझ्याकडं पाठ करून बसली. खिडकीबाहेर पाहत होती, आणि पदराखाली हात चालूच होता.

ऑपरेशनची तारीख मिळाली, पण ती येईपर्यंत ना तिला चैन ना मला. मी मंगळवार धरला. जेवायला बसले की घास तसाच ठेवून मागच्या दारी जायची, तिचा हात कुठं आहे ते बघायला. बहुतेक वेळा पोटावरच असायचा.

"रुखमाबाई, डॉक्टर नाही म्हणाले ना?"

"बाई, सवय हाय. मी का मुद्दाम करून राह्यली?"

अशीच एक दुपार. ती ओट्यावर रोहू कापायला बसली होती. माशाच्या पोटात हिरवी पित्ताची पिशवी असते, ती न फोडता काढणं ही तिची ऐट. चुलीवर लक्ष ठेवून, आमच्याशी बोलत बोलत काढायची. त्या दिवशी पिशवी तिच्या बोटाखाली फुटली. हिरवं पाणी मांसावर पसरलं. तिनं मासा धुतला, पुन्हा धुतला, मीठ चोळलं. जिभेवर कण ठेवला आणि थुंकली.

"धुतलं तरी कडू जात नाई," ती म्हणाली. मग हात तसेच ओले ठेवून बसून राहिली. "बाई, मी त रोज दाबत होती. माह्या पोटात फुटलं असन त?"

मी नुसतं देवाचं नाव घेतलं.

"डाक्टरले सांगा लागते," तीच म्हणाली. "नाई त आंधळ्यावानी चिरतीन ते."

चंद्रपूरला महाकालीपुढं नारळ फोडून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर तपासायला आले तशी ती उठून बसली.

"सायेब, मी खोटं बोलली. चोळनारी मीच हावो. गावाचीबी अन् माहीबी."

मला वाटलं, आता रागावतात. त्यांनी खुर्ची ओढली.

"किती जोरात?"

तिनं त्यांच्याच मनगटावर अंगठा दाबून दाखवला. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "बरं झालं बोललात. आता चीर लांब घेतो. आधी सगळीकडं बघेन, मगच गोळ्याला हात लावेन."

ती आत गेली. मी बाकावर जपमाळ ओढत होते, पण मणी कुठला चालू होता देवाला ठाऊक. इसरूभाऊ व्हरांड्यात येरझारा घालत होते, विडी काढायची, परत खिशात घालायची.

मग सिस्टर ट्रे घेऊन आली. काढलेला गोळा नातेवाइकांना दाखवायची रीत असते. मी डोळे मिटणार होते, पण इसरूभाऊ ट्रेवर वाकले. गुलाबी-राखाडी, चकचकीत, कडेला पिवळी चरबी लोंबत होती.

"उलटा करा न बाई, खालची बाजू दाखवा."

"काका, हा काय बाजारातला मासा आहे?"

"दाखवा न बाई."

तिनं फिरवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग भिंतीला पाठ लावून खालीच बसले. "फुटलं नाई," म्हणाले.

डॉक्टर आले. म्हणाले, "पोटात सांडलेलं काही दिसलं नाही. पण डोळ्याला दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. स्ट्रोमल ट्यूमर वाटतोय. तो सहसा जठरात नाहीतर आतड्यात होतो, यांना बाहेर झालाय. मुंबईला खास रंग लावून तपासतील, तेव्हा नक्की कळेल. मग औषधाच्या गोळ्या लागतील की नाही ते ठरवू. पोटाचे फोटो मात्र काढतच राहावे लागतील."

रुखमाबाई शुद्धीवर आली तेव्हा ओठ सुकलेले होते.

"पित्त?" तिनं विचारलं.

"अख्खं निंगालं," इसरूभाऊ म्हणाले. "म्या पलटून पाह्यलं."

तिनं डोळे मिटले. जरा वेळानं चादर हलली. तिचा हात पट्टीकडं सरकत होता. मी माळ उशीखाली सारली आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. अंगठा माझ्या तळव्यावर दाबत राहिला, मी दाबू दिला.