अंकाचा विषय अंतराळ

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाची मी संपादक. दरवर्षी पोरं इंटरनेटवरून उतरवलेले निबंध देतात आणि मी त्यातलं शुद्धलेखन सुधारत बसते. यंदा ठरवलं, सगळ्या अंकाला एकच विषय द्यायचा, असा की पोरांना स्वतःचंच लिहावं लागेल. मी सुचवलं, 'पाणी'. आमच्या शहरात नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही मनात असलं तर. यावर ज्याला चार ओळी सुचणार नाहीत तो इथला नव्हेच.

"रडगाणं नको, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "पालकांना काहीतरी भव्य हवं. 'अंतराळ' घ्या."

शेवटी मतदानावर आलं. समितीत आम्ही पाच जण, आणि एक सर सोडले तर प्रत्येकाच्या कॉलनीचा पाण्याचा वार वेगळा. पहिल्या बैठकीत गणिताच्या बाईंना घरून फोन आला, "आलं!" बाई चपला न घालताच पळाल्या. दुसऱ्या बैठकीत विज्ञानाचे सर भाषण अर्धं टाकून गेले. कुठं निघालात, असं कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या बैठकीत माझा फोन वाजला. सासूबाई ओरडत होत्या, "धार लई बारीक हाय, मोटार माझ्याच्यानं लागत नाय, ये लवकर!" मी गेले. टाकी, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून परतले, तर विषय ठरलेला. टँकर आला म्हणून गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर माझ्यामागोमाग पळाले होते. उरले मुख्याध्यापक आणि चित्रकलेचे सर. हे चित्रकलेचे सर पैठणहून एसटीनं येतात. धरण त्यांच्या उशाशी, त्यांना कुणाचा फोन येत नाही. दोन विरुद्ध शून्य, अंतराळ मंजूर.

मला रडू यायचंच बाकी होतं. निबंध आले ते सगळे एका साच्यातले, काही तर 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' यासकट.

एकच कागद वेगळा निघाला, सातवीतल्या एका मुलीचा. 'शास्त्रज्ञ म्हणतात, मंगळावर पाणी आहे. पण ते कोणत्या वारी येतं, हे त्यांनी सांगितलेलं नाही. रविवारी येत असेल तर आई तिकडं जायला तयार आहे. बाकीच्या दिवशी तिला कामावरून सुट्टी मिळत नाही.'

मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला. मी भांडायच्या तयारीनंच उभी होते.

"पहिल्या पानावर घ्या," ते म्हणाले. "पाण्याच्या दिवशी रजा मागून मागून आमच्या मिसेसनं शेवटी नोकरीच सोडली, मॅडम."