तीन कॉर्नेट आणि विडीचा धूर

"मिस्त्री, हे तिन्ही बाजे वाजवून पाहा अन् मले यातला एक सांगा," गणपतशेट म्हणाले. "पुढच्या सोमवारी आंधळगावचं लगन हाय. तुलारामले आता मी झांजेवर टाकून राहिलो."

तुलाराम माझ्या दुकानाच्या दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि चपलेकडे बघत राहिला.

गणपतशेट म्हणजे भंडाऱ्यातल्या एका बँड पार्टीचे मालक. तुलाराम आसगावचा. धान कापून झालं की लग्नाचा हंगाम संपेपर्यंत तो यांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका, जाडा भाऊ. बँडमध्ये गाणं तोच गातो, बाकीची वाद्यं त्याच्या मागे चालतात. म्हणून कॉर्नेटवाला पहिल्या रांगेत, मधोमध असतो. झांजवाला असतो शेवटच्या रांगेत, गॅसबत्तीवाल्यांच्या आधी. वीस वर्षं पुढे चाललेल्या माणसाला तिथे उभं करायचं म्हणजे काय, हे बँडवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

आणीबाणी उठून एक-दोन उन्हाळे झाले होते. बसस्टँडजवळ माझं बँडची वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. आमचं घराणं भांडी ठोकणारं. मी मात्र कामठीच्या छावणीत वाद्यांचं काम शिकलो आणि घरच्यांच्या मते वाया गेलो.

"झालं काय?" मी विचारलं.

"मागच्या लगनात याचा वरचा सूर फाटला. पोरीची बिदाई सुरू, बाया रडून राहिल्या, अन् याच्या बाज्यातून नुसती हवा. लोक हासले जी. ओठ गेले याचे. दात हालून राहिले."

"दात हालते जी," तुलाराम पहिल्यांदा बोलला, "पण मागचे."

मी टेबलावरचे कॉर्नेट बघितले. पहिला तुलारामचाच, जुना विलायती, कुठल्याशा गोऱ्या पलटणीतून आलेला. दुसरा मेरठचा, नवा. तिसरा कलकत्त्याहून मागवलेला लांब मॉडेलचा, सडपातळ, जवळजवळ ट्रम्पेटसारखा.

"तुलारामभाऊ, बिदाईच्याच दोन ओळी वाजवा. तिन्हींवर," मी म्हणालो.

विलायतीवर खालचे सूर बरे निघाले. वर गेल्यावर मात्र आवाज पातळ झाला, मग सूं सूं हवा. शेटनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग तुलारामने मेरठचा घेतला. तोच सूर स्वच्छ लागला. हलका बाजा, फुंकायला सोपा, आवाज पसरट, थोडा उघडा. ऐकायला गोड, पण वरच्या सुरांना वजन नव्हतं. लांब मॉडेलने मात्र तुलारामला दमवलं. त्याची नळी अरुंद, ती फुंकर मागे ढकलते. वाजला तेव्हा दुकानातली पत्र्याची डबी थरथरली, पण सूर दोनदा घसरला.

"मले हा पाहिजे," शेट लांब कॉर्नेटवर बोट ठेवून म्हणाले. "आवाज पाहा कसा जाते. याच्यानं तो होत नाही. नागपूरचा एक जण तयार हाय."

"शेटजी, ओठ गेले असते तर मेरठच्या बाज्यातही गेले असते. माणूस तोच आहे. बिघाड विलायतीत आहे."

"विलायतीत कायचा बिघाड? माझ्या बँडमध्ये त्याच्याइतका चकाचक बाजा दुसरा नाही."

ते खरं होतं. बाजा आरशासारखा होता, आणि मला त्याचीच शंका होती.

कॉर्नेटला तीन खटके असतात. प्रत्येक खटक्याखाली एक पिस्टन असतो, तो नळकांड्यात वरखाली होतो आणि हवेची वाट बदलतो. पिस्टन आणि नळकांडं यांच्यात केसाएवढीही जागा नको. ती तपासायची सोपी रीत आहे. खटका न दाबता बाजूची छोटी नळी ओढून काढायची. सगळं घट्ट असेल तर बाटलीचं बूच निघाल्यासारखा फट् आवाज येतो. मेरठच्यातून आला. लांब मॉडेलमधून आला. विलायतीच्या तिन्ही नळ्या गपचूप हातात आल्या.

शेटना हे पटेना. "तुमच्या फट्-फुट्‌नं मले काय समजते?"

मग मी तुलारामकडे विडी मागितली.

"विडी सोडून राहिलो होतो जी," तो म्हणाला आणि खिशातून काढून दिली.

कॉर्नेटच्या पुढच्या रुंद तोंडात फडकं कोंबून मी ते गच्च बंद केलं. तुलारामला म्हणालो, झुरका घ्या आणि तो सगळा बाज्यात सोडा. त्याने सोडला. धूर कुठे जावा? तिन्ही खटक्यांच्या बुडातून, दांड्यांच्या भोवतीने, धूर निवांत वर आला. शेट खुर्चीतून उठून जवळ आले.

"अशीच तुलारामची फुंकर जाते," मी म्हणालो. "खालच्या सुरांना थोडी गळती चालते. वरच्या सुराला दाब लागतो, तो उरतच नाही. बिदाईला हा माणूस अर्ध्या बाज्यावर वाजवत होता."

मी पिस्टन काढून त्याखालची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती चिमट्याने शेटच्या तळहातावर ठेवली. ती काळी, खरखरीत होती. शेटनी बोटाने चोळून पाहिली.

"हे काय हाय?"

आता उत्तर द्यायचं तर शेटच्या तोंडावर द्यावं लागणार होतं. भंडाऱ्यात पितळ कसं घासायचं हे कुणालाही शिकवावं लागत नाही. चिंच आणि राख. गणपतशेटांचा शिरस्ता होता, प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी सगळे बाजे हंड्या-गुंड्यांसारखे घासून काढायचे. स्वतः खुर्ची टाकून बसायचे. आणि मुख्य कॉर्नेट सगळ्यात पुढे, म्हणून तो दोनदा घासायचा. दर घासण्याला चिमूटभर राख आत जायची आणि तुलाराम हजार वेळा खटका दाबून तीच राख पिस्टनवर फिरवायचा. नवे दोन बाजे वाचले, कारण ते अजून शेटच्या हाती लागले नव्हते.

हे सगळं मी सांगितलं. आवाज न चढवता, पण सांगितलं.

शेटचा चेहरा लाल झाला. "म्हणजे बाजा मी मारला म्हणता?"

"बाजा मेलेला नाही. रविवारी सकाळी देतो. मग नागपूरवाल्यालाही बोलवा आणि नदीवर ऐका. दुकानात ऐकून बाजा निवडू नका. वाजला नाही तर तुलारामला झांज द्या, आणि माझ्याऐवजी दुसरा मिस्त्री बघा."

"अन् आंधळगावात माझी इज्जत?"

"रविवारी ठरवा."

ते निघून गेले. तुलाराम राहिला. "काहून एवढी जबाबदारी घेतली मिस्त्री?" तो म्हणाला. मी त्याला चहा सांगायला पाठवलं. खरं कारण हे की मला राग आला होता. बाजा बिघडतो आणि माणसाला हाकलतात, हे मी फार ठिकाणी पाहिलं होतं.

तीन पिस्टन घेऊन मी नागपूरला गेलो, ओळखीच्या माणसाकडून त्यांच्यावर निकेलचा थर चढवून आणला. आता ते नळकांड्यापेक्षा किंचित जाड झाले. मग हाताने उतरवायचे. तेलात बारीक पूड कालवून पिस्टन नळकांड्यात फिरवायचा, धुवायचा, बघायचा, पुन्हा फिरवायचा. घाई केली की पुन्हा सैल. दोन दिवस हेच केलं. शनिवारी संध्याकाळी नळी ओढली आणि फट् आवाज आला. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने हसलो.

रविवारी सकाळी आम्ही वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. शेट पूल ओलांडून कारध्याच्या बाजूला जाऊन पाठ करून बसले. कोण आधी वाजवणार हे त्यांना माहीत नव्हतं. नागपूरवाला चांगला वाजवणारा होता, खोटं कशाला बोलू. आम्ही नाणं उडवलं. पहिली पाळी तुलारामची आली.

त्याने डोळे मिटले आणि बिदाई सुरू केली. विलायती कॉर्नेटची नळी सुरुवातीपासून हळूहळू रुंदावत जाते, म्हणून त्याचा आवाज गोल, भरलेला असतो. तो वरचा सूर आला. तुलारामने तो धरला, वाढवला, आणि अलगद खाली आणला. पाण्यात कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या. मग नागपूरवाल्याने लांब कॉर्नेटवर तेच वाजवलं. धारदार, बिनचूक, आणि जोरात.

शेट पूल ओलांडून आले. यायला वेळ लागला आणि तोवर तुलाराम कॉर्नेटच्या खटक्यांवरून बोटं फिरवत राहिला.

"दुसरा जास्त जोरात हाय," शेट म्हणाले. "पण मले वाटलं, कोणी हाका मारून राहिलं. पहिला गाऊन राहिला होता. पहिला कोण?"

तुलारामने कॉर्नेट वर केला. त्याचे डोळे भरले होते आणि मला इतका आनंद झाला की मी उगाच अवजारांची पेटी उघडून बंद केली. नागपूरवाला पुढे आला आणि म्हणाला, "भाऊ, एकदा मलेही फुंकू द्या ना हा." त्याने वाजवला आणि मान डोलावली.

आंधळगावला मीही गेलो, जेवायला. बिदाईला तुलाराम पहिल्या रांगेत मधोमध होता. तो सूर त्याने इतका वेळ धरला की वरमायही रडली. मुलीचे वडील, तिथले तांदळाचे व्यापारी, शेटना म्हणाले, "शेटजी, हा नवीन वाजवणारा कुठून आणला? नागपूरचा काय?"

"नवीन कायचा?" गणपतशेट म्हणाले. "आसगावचा तुलाराम. वीस वर्षांपासून माझा पुढचा माणूस हाय."

त्यानंतर कुणी 'वाजवणारा बिघडला' म्हणून बाजा घेऊन आलं की मी आधी तिन्ही नळ्या ओढून बघायचो. वाजवणारा तपासायची पाळी माझ्यावर क्वचितच आली.