अर्धी रेघ

काकाजींशी मी शेवटचं बोलले, ते खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. सौंसरच्या घरी, पुढच्या खोलीत, खिडकीला लागून त्यांचा पलंग होता. पाय सुजलेले, आवाज पार बसलेला. उशाशी स्टुलावर पाण्याचा तांब्या, गोळ्या आणि एक जुनं पाकीट. मी नागपूरहून रविवारच्या पहिल्या बसनं गेले होते. काकूनं दिलेला चहा अजून ओठाला लावला नव्हता, तर काकाजींनी डोळे न उघडताच विचारलं, "सुनू, शोभाची सवारी उतरली काय?" मी म्हटलं, "हव काकाजी, उतरली." त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि कूस बदलली. बारा दिवसांनी मी ऑफिसात डबा उघडत होते तेव्हा काकाजी गेल्याचा काकूचा फोन आला. डबा तसाच बंद केला आणि बस पकडली. रस्ताभर माझ्या डोक्यात त्यांचं ते "बरं" होतं, दुसरं काही नाही.

श्रावणकाकाजी माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सवारी म्हणजे प्रवासी, हा त्यांचा कंडक्टरकीतला शब्द. पांढुर्ण्याहून सौंसरवरून रामाकोन्याला जाणाऱ्या एका खाजगी बसवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. त्या गाडीची एक गोष्ट जुने लोक अजून सांगतात. उतरणारा शेवटचा माणूस दोन्ही पायांनी जमिनीवर उभा राहिल्याशिवाय श्रावण कंडक्टरनं कधी बेल मारली नाही. कोणाचं बोचकं दारात अडकलेलं, कोणाची चप्पल सीटखाली राहिलेली, आणि समोरून ड्रायव्हर शिव्या घालतोय. हे आपले मागच्या दारात उभे. "थांब ना बे, सवारी उतरून राहिली." पुढे मालकानं बस विकली. चाळिशीला आलेले काकाजी नागपूरला जाऊन, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून कम्प्यूटर शिकले. गावानं यथेच्छ टिंगल केली. तिकिटं फाडणारा आता कम्प्यूटर फाडणार म्हणे! त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. सौंसरच्या बसस्टँडजवळ एक खोली घेतली, दोन कम्प्यूटर मांडले, आणि दुकान सुरू झालं.

माझे वडील पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये होते. सुट्टी लागली की माझी रवानगी सौंसरला, म्हणजे त्या दुकानात. तिथं एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटात लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं. गावात लग्न झालं की लोक पत्रिका वाचून टाकून देत, काकाजी पाकीट तेवढं मागून आणत. "कागद दणकट राहते," म्हणत. एकेका पाकिटात एकेका सॉफ्टवेअरची सीडी. पाकिटावर वर त्याचं नाव आणि व्हर्जनचा नंबर, खाली ज्यानं ज्यानं ते दुकानातून घेतलं त्याचं नाव, गाव. नवं व्हर्जन आलं की काकाजी जुनं पाकीट खिशात घालून सायकलवर निघत. बोरगाव म्हणू नका, रामाकोना म्हणू नका. त्या माणसाचं जुनं काम नव्यात आणायचं, शेजारी बसून शिकवायचं, आणि त्याच्याच हातानं एक पान छापून घ्यायचं. ते पान हातात आलं की पाकिटावरच्या त्याच्या नावावर रेघ. पान पाहिल्याशिवाय रेघ नाही. सगळ्या नावांवर रेघा पडल्या की दुकानाच्या पायरीवर उभं राहून सीडीचे दोन तुकडे करायचे आणि शेजारच्या टपरीवर चहा सांगायचा. मला लहानपणी वाटायचं सगळ्याच दुकानांत असंच करतात!

कोणाला वाटेल माणूस जुन्याला कवटाळून बसणारा होता. अजिबात नाही. जुनं सोडवण्यात त्यांच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही. पांढुर्ण्याच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला नवं नकोच होतं. "राहू द्या ना काकाजी, मस्त चालून राहिलं." काकाजी म्हणाले, "शेठ, ब्रेक गेलेली गाडीबी चालतेच. छिंदवाड्याच्या घाटात नेता काय?" आणि ऐन सीझनमध्ये, संत्र्याच्या पेट्यांवर बसून त्यांनी त्या शेठला रोज तासभर शिकवलं, तो वैतागून शिकेपर्यंत. शेठनं छापलेलं पहिलं पान तिरपं आलं होतं. तेही त्यांनी जपून ठेवलं.

मी या लाइनमध्ये आले ती त्यांच्यामुळेच. नागपूरच्या ज्या कंपनीत मी लागले, ती देवनागरी टायपिंगचं सॉफ्टवेअर बनवते. काकाजी तेच विकायचे, त्यामुळे त्यांना कोण आनंद! काही वर्षांनी माझ्याकडे एक काम आलं. कंपनी ज्या जुन्या व्हर्जनची दुरुस्ती करत नाही, ते वेबसाइटवरून काढून टाकायचं, म्हणजे नव्यानं कोणी डाउनलोड करणार नाही. काम बरोबरच होतं, आजही मी तेच म्हणते. चार नंबरच्या व्हर्जनला एक मोठं भोक होतं, इंटरनेटवरून कोणीही आत शिरून कम्प्यूटरची वाट लावू शकलं असतं. वेबसाइटवर महिनाभर सूचना लावली. तारीख आली, मी बटण दाबलं, डाउनलोड गेलं. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणी समोसे आणले.

त्यानंतर आठवडाभरात काकाजींचा फोन. "चार नंबर तू काढलं काय व?" मी म्हटलं हो, आता ते कोणी वापरत नाही. "कोनीच नाई?" मी म्हटलं, अकरा जण दिसत होते, बस. "अकरा म्हणजे कोन कोन?" आता मला काय माहीत कोण कोण! आमच्या पडद्यावर आकडा दिसतो, नावं नाही दिसत. तसं सांगितलं. ते म्हणाले, "अकरा सवाऱ्या गाडीत होत्या, अन् तू बेल मारली." माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं बोलले, नको ते बोलले. "काकाजी, कंपनी म्हणजे तुमची खटारा बस नाही," असं म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या माणसानं मला माउस धरायला शिकवला, त्याला! तीन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

शेवटी मीच गेले. काकाजी दुकानाच्या पायरीवरच बसले होते. "आली काय? चाल." मला थेट तहसील कार्यालयासमोर घेऊन गेले. तिथं कडुनिंबाखाली टेबल टाकून एक बाई टायपिंग करत होती. ती शोभाताई. लहानपणी कडब्याच्या मशीनमध्ये तिचा डावा हात कोपरापासून गेला. लोकांचे अर्ज टाइप करून ती घर चालवते. गाव मध्य प्रदेशात, त्यामुळे अर्ज हिंदीत आणि अर्ज करणाऱ्यांशी भांडण मराठीत, दोन्ही सारख्याच वेगानं. चार नंबरच्या व्हर्जनमध्ये एक सोय होती. सगळी अक्षरं कीबोर्डच्या उजव्या अर्ध्या भागात आणता येत, म्हणजे एका हातानं काम चालावं. पाच नंबर बनवताना आमच्या लोकांनी ती सोय काढून टाकली, कोणी वापरत नाही म्हणून. पावसाळ्यात वीज पडून शोभाताईचा कम्प्यूटर जळला. नवा आणला, तर वेबसाइटवर चार नंबर नाही आणि पाचमध्ये ती सोय नाही. अकरा दिवस तिचं टेबल बंद होतं. मग तिला कोणीतरी काकाजींच्या कपाटाचं सांगितलं, आणि त्यांनी तिथल्या सीडीवरून तिला चार नंबर टाकून दिलं.

मी तासभर तिथं उभी राहिले. तिची पाच बोटं अशी पळत होती की माझी दहा लाजली. शोभाताई म्हणाली, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर लय चांगलं हाय जी. फक्त काढत नका जाऊ." मला तिथंच रडू आलं. शरमेनं आलं, दुसरं काही नाही. परतताना मी म्हटलं, "काकाजी, चुकलं माझं." ते म्हणाले, "काढलं ते नाई चुकलं. थे भोक असलेलं शोभानं किती दिवस वापरायचं? आता तिले उतरव. माह्या कपाटात ठेवलं म्हणून ती पोचली नाई." पाकिटावर वीस-बावीस नावं होती. शोभा आली तेव्हा त्यातलं एक बाकी होतं, आता त्यावरही रेघ पडली होती. शोभाचं एकच मोकळं. मी कबूल केलं, नव्या व्हर्जनमध्ये तिची सोय परत आणीन.

कबूल करणं सोपं होतं. ऑफिसात मी तोंड उघडलं की साहेब म्हणत, "एका बाईसाठी?" मी म्हटलं, एक आहे की किती आहेत ते आधी विचारू तर खरं. मग काकाजींचीच रीत धरली. विक्रीच्या जुन्या नोंदी उकरून त्या अकरा जणांना मी एकेक करून फोन लावले. कोणी कधीच नव्यावर गेला होता, कोणाला फक्त भीती वाटत होती. आणि आणखी दोघं एकाच हाताचे निघाले. साहेबांनी कामाला होकार दिला. आता आमच्याकडे फोन केल्याशिवाय कोणतंही डाउनलोड काढत नाहीत. या रीतीला ऑफिसात काहीतरी भारी नाव दिलंय, ते मी काकाजींना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "व माय! कंडक्टरकीले एवढं मोठं नाव?"

पण काम लांबत गेलं. दिवाळीत देते म्हटलं, संक्रांत आली. दर फोनला काकाजींचा तोच प्रश्न, आणि माझं तेच "होऊन राहिलं." मग त्यांची किडनी बिघडली. त्या रविवारी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, या माणसाला निश्चिंत जाऊ द्यावं. म्हणून मी ते बोलले. चांगल्या मनानं बोलले. तरी ज्यानं आयुष्यात पान पाहिल्याशिवाय रेघ ओढली नाही, त्याला मी न छापलेलं पान दाखवलं, ही गोष्ट मला जेवू देईना.

काकाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरी प्रार्थनेला माणसं मावत नव्हती. तो तिरप्या पानाचा शेठसुद्धा पांढुर्ण्याहून आला होता आणि लहान मुलासारखा रडला. सगळे गेल्यावर काकूनं स्टुलावरचं ते पाकीट माझ्या हातात ठेवलं. "हे तुले द्यायचं म्हणाले होते." चार नंबरचं. मी शोभाताईचं नाव शोधलं. त्यावर रेघ होती, पण अर्धीच. 'शो'पासून निघालेली, थरथरत 'भा'च्या अलीकडे थांबलेली. मी मनात म्हटलं, माझं खोटं खरं धरून त्यांनी रेघ ओढायला घेतली आणि हातातलं बळ संपलं. त्या दिवशी मला स्वतःची फार घाण वाटली.

गेल्या आठवड्यात नवं व्हर्जन निघालं. एकहाती सोय त्यात आहे. मी पहिल्या बसनं सौंसरला गेले, शोभाताईच्या कम्प्यूटरवर ते टाकलं, तिचे जुने अर्ज त्यात आणले. तिनं बोटं ठेवली, दोनदा अडखळली, मला शिव्या दिल्या, आणि मग पळाली! छापलेलं पान तिनं माझ्या हातात दिलं. "प्रति, श्रीमान तहसीलदार महोदय" एवढंच. मी पाकीट काढलं आणि तिला ती रेघ दाखवून म्हटलं, "यांचा हातच चालला नाही हो शेवटी."

ती म्हणाली, "हात? नाई जी. मले फोन आल्ता त्यायचा. तुम्ही येऊन गेल्या त्या रविवारी, संध्याकाळी. म्हणे, शोभा, नवीन आलं काय? मी म्हटलं, कुठं बाप्पा, नाई आलं. तं हासले. म्हणे, रेघ वढून राहिलो होतो, आठवलं की पान पाहिलंच नाई. आता अर्धी झाली तं झाली. बाकीची सुनू वढन. येते थे, तू घाबरू नको."

रविवारी संध्याकाळी. म्हणजे मी नागपूरच्या बसमध्ये बसले असेन तेव्हा. त्यांना माहीत होतं... आणि त्यांनी मला पुन्हा फोन करून विचारलं नाही, काकूला सांगितलं नाही, शोभालाही माझं खोटं कळू दिलं नाही. अर्धी रेघ ठेवली, आणि उरलेली माझ्या भरवशावर सोडली.

तहसीलसमोर, त्या कडुनिंबाखाली, मी पेन घेतला. त्यांची निळी रेघ जिथं थांबली होती तिथं टेकवला आणि 'भा'च्या पार पलीकडे नेला. माझी शाई काळी, त्यामुळे जोड दिसतो. मग सीडी काढली. ती माझ्याच्यानं मोडेना. शोभाताईनं एक बाजू आपल्या हातात घट्ट धरली, दुसरी मी धरली, आणि दोघींनी मिळून ती वाकवली. टक्क. रांगेतले लोक बघत राहिले. शोभाताईनं चहा सांगितला.

पाकीट आता माझ्या टेबलावर असतं, आत ते एका ओळीचं पान. त्या दिवशी मात्र ते पर्समध्ये घालून मी आधी घरी गेले, पुढच्या खोलीत. पलंग काकूनं काढून टाकला होता, स्टूल तेवढं खिडकीशी होतं. त्यावर पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "हव काकाजी, उतरली."