कापसाची बाजू

आमच्या व्याह्यांइतका निकामी साक्षीदार मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि दापोलीच्या न्यायालयात हयात घालवलेला वकील साक्षीदारांविषयी असे विधान करतो तेव्हा त्याला काही वजन असते. मी खोटे साक्षीदार पाहिले, फुटलेले पाहिले, पिंजऱ्यात उभे राहताच बापाचे नाव विसरलेले पाहिले. परंतु ज्याच्या हितासाठी मी घसा कोरडा केला, त्यानेच हसतमुखाने खटल्याचा पाया काढून घ्यावा आणि वर आपल्याच वकिलाचा खांदा थोपटावा, हा अनुभव मला रियाधमध्ये, एका निवासी इमारतीच्या व्यवस्थापकाच्या खोलीत, वेलचीच्या कहव्याचा पेला हातात असताना आला.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. मुलगा रियाधच्या ओलाया रस्त्यावरच्या एका बँकेत आहे. सून त्याच रस्त्यावरच्या एका सल्लागार कंपनीत. ती मलेशियाची, समुद्रकाठच्या त्रेंगानूची. नात झाली तेव्हा तिला सांभाळायला एका बाजूने मी आलो आणि दुसऱ्या बाजूने ते. माझी पत्नी गुडघ्यांमुळे दापोलीत अडकली होती, त्यांची पत्नी तिकडे दुसऱ्या नातवंडांत. मुलगा आणि सून सकाळी गाडीत बसून निघून गेले की संध्याकाळपर्यंत आठव्या मजल्यावर एक तान्ही मुलगी आणि दोन म्हातारे, एवढेच उरत असू.

ते आले त्या दिवशी दारातच त्यांनी मला मिठी मारली आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "बेसन!" मी वर्णाने पिवळसर आहे, पोटाने किंचित पुढे आहे; तथापि पहिल्याच भेटीत कोणी मला पिठाची उपमा द्यावी, हे मी सहन करणार नव्हतो. त्याच संध्याकाळी मी मुलाकडे लेखी खुलासा मागितला. तो कागद वाचून हसत सुटला. "बाबा, त्यांच्या भाषेत व्याह्याला बेसनच म्हणतात." मी पुरावा मागितला. सूनबाईने फोनवर शब्दकोश उघडून दाखवला. तेव्हापासून मी बेसन आहे, आणि खरे सांगायचे तर 'वकीलसाहेब' या हाकेची इतक्या वर्षांत जी ऊब लागली नव्हती, ती या पिठाची लागली.

या गृहस्थांचा संपूर्ण संसार एका बॅगेत मावत असे आणि त्या बॅगेत सुताखेरीज दुसरा धागा नसे. कमरेला चौकड्यांचे सुती वस्त्र, ज्याला ते 'पेलिकात' म्हणत आणि आपण लुंगी म्हणून मोकळे होऊ. अंगात सैल, बिनकॉलरचा, गळ्याशी एकच गुंडी असलेला सुती सदरा, ज्याला ते 'बाजू' म्हणत. ते पहिल्यांदा मला म्हणाले, "बेसन, ही माझी बाजू," तेव्हा मी सवयीने खुर्ची पुढे ओढून कान टवकारले. बाजू ऐकून घेण्यावर तर माझे घर चालले. त्यांनी मात्र सदऱ्याचे टोक माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बघा किती मऊ." त्यांची बाजू एवढीच होती. पुढे सगळ्याच विषयांत ती एवढीच निघाली.

पेलिकात नेसण्यात पट्टा नाही, नाडी नाही, पिन नाही. उजवीकडून एक घडी, डावीकडून एक घडी, वर दोनदा गुंडाळले की झाले. पुढचे सगळे विश्वासावर. माझ्यासारख्या माणसाला, जो सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीलाही जामीन मानत नाही, हे बघवत नसे. लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत उभा असताना मी आठ मजले श्वास रोखून धरी. एकदा न राहवून विचारलेच, "सुटलं तर?" त्यांनी खरोखर विचार केला. "लहानपणी सुटायचं," ते म्हणाले. "मग मी त्याला घट्ट धरणं सोडलं."

कापड ओळखण्याची त्यांची रीत न्यायालयात ग्राह्य धरली गेली नसती. ते कापड गालाला लावत, नाकाला लावत आणि शेवटी कानाशी नेऊन दोन बोटांत चोळत. "कापूस गप्प असतो," असे त्यांचे म्हणणे. "प्लास्टिक बडबडतं." हे मत त्यांनी स्वतःच्या अन्नदात्याविरुद्ध दिले होते, कारण त्यांची सारी नोकरी पॉलिएस्टरचे सूत काढणाऱ्या कारखान्यात झाली होती. मी ही विसंगती त्यांच्या निदर्शनास आणली. "म्हणून तर," ते म्हणाले. "दिवसभर त्याच्याशी बोललो, बेसन. घरी आल्यावर तरी शांतता नको?"

माझे सगळे कपडे टेरिकॉटचे. पँटीची घडी सुरीसारखी असावी आणि माणसाने ती संध्याकाळपर्यंत टिकवावी, या मताचा मी आहे. आता रियाधची हवा इतकी कोरडी की टेरिकॉट घातलेल्या माणसाने लोखंडाला हात लावला की चटकन ठिणगी उडते. दाराची कडी, नळ, लिफ्टचे बटन, सगळीकडून मला झटका बसे, आणि प्रत्येक झटक्याबरोबर मी कोणाला तरी पत्र लिहायचे ठरवी. व्याह्यांना एकदाही बसला नाही. पुढे पुढे ते माझ्याआधी हात पुढे करून लिफ्टचे बटन दाबत. हा उपकार मी कधी मान्य केला नाही, पण बटनाजवळ पोहोचताच माझी पावले आपोआप मंदावत.

एकदा त्यांना नातीसाठी कापड हवे होते म्हणून आम्ही जुन्या बाजारात गेलो. दुकानदार येमेनी, गोडबोल्या. ठाण पसरून म्हणाला, "कुत्न, मिया मिया," म्हणजे शंभर टक्के सुती. व्याह्यांनी ते गालाला लावले, कानाशी नेले आणि अतिशय खिन्न झाले. मग विनंती करून एक दोरा काढून घेतला, बाहेर फुटपाथवर बसले आणि शेजारच्या हमालाकडून काडी मागून तो पेटवला. सुताची राख होते; या दोऱ्याची काळी गोळी झाली. मी तिथल्या तिथे ग्राहकाच्या फसवणुकीचा अर्ज मनात रचू लागलो होतो. यांनी ती गोळी दुकानदाराला नेऊन दाखवली, एखाद्याला त्याच्या मुलाचे प्रगतिपुस्तक दाखवावे तशी. दुकानदार ओशाळला आणि आतून खरे सुती ठाण घेऊन आला. "हां, कापास," व्याही म्हणाले. मी चमकून विचारले, "काय म्हणालात?" कापसाला त्यांच्या भाषेत कापासच म्हणतात. दुकानदार म्हणाला कुत्न, ते म्हणाले कापास, मी म्हणालो कापूस, आणि तिघेही त्या ठाणावर हात ठेवून थोडा वेळ उगाच उभे राहिलो. ते पेलिकातही आपल्याकडचे, असे त्यांनी परतताना सांगितले. तामिळ किनाऱ्यावरच्या पुलिकत गावाहून जहाजांनी गेलेले, म्हणून ते नाव. "तुम्ही विसरलात," ते म्हणाले. "आम्ही नेसून ठेवलंय."

पण त्यांच्या सुताचे खरे राज्य दुपारी सुरू होई. नात झोपेच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. ती पाळण्यात लढत असे. व्याह्यांनी दाराच्या चौकटीला एक स्प्रिंग अडकवली, तिच्यातून आपले सर्वांत जुने, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले पेलिकात ओवले आणि त्या झोळीत तिला ठेवले. आमच्या कोकणातही झोळी बांधतात, हे मी नोंदवले. त्यांनी ते आनंदाने मान्य केले. ती झोळी वरखाली हलू लागे, खिडकीतले पांढरेशुभ्र ऊन चौकड्यांतून गाळून आत उतरे, आणि त्या निळसर, तपकिरी उजेडात नातीचा चेहरा खोल पाण्यातल्या शिंपल्यासारखा दिसे. व्याही एका बोटाने झोळी हलवत त्यांच्या गावच्या गोष्टी सांगत: नदीवर यातच अंघोळ, ओले वस्त्र फुगवून त्याची होडी करायची, वाऱ्याने वाळायचे आणि मग यातच झोपायचे. इंग्रजी त्यांचे तुटक, माझे कचेरीतले. पण त्या वेळी वाक्ये पुरी करायची गरज पडत नसे. बाहेर ओलायाचे मनोरे उन्हात वितळत असत. मी सोफ्यावर केव्हा आडवा होई, माझ्या पँटीची घडी केव्हा मोडे, ते मला कळत नसे.

आणि अशा माणसाला खाली रखवालदाराने अडवले.

फजरची नमाज झाली की ते खाली उतरत आणि ऊन चढण्याआधी इमारतीभोवती चार फेऱ्या मारत. दिवसभरात त्यांना तेवढीच मोकळी हवा मिळे. रखवालदार करीमनगरचा, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, "चाचा, लॉबी में नाइट ड्रेस मना है। ऊपर से ऑर्डर है।" दाराशी तीन भाषांत पाटी लागली होती. व्याही वर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाची पँट घालून पाहिली, पाच मिनिटांत परतले आणि सोफ्याच्या कडेला कचेरीत बोलावल्यासारखे बसून राहिले. "बेसन," शेवटी म्हणाले, "मुलीला सांगतो, तिकीट अलीकडचं कर म्हणून. राग नाही. पण खाली हवेत जाता आलं नाही तर मी इथे नुसता वाळायला घातल्यासारखा आहे."

त्यांच्या व्हिसाचे जवळजवळ दोन महिने उरले होते. ते गेल्यावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या घरात कोणाशी भांडावे, हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि मी लेखणी उचलली. इमारतीच्या व्यवस्थापकांना लिहिलेले पत्र सहा पानांचे होते. प्रस्तुत वस्त्र हा एका जनसमूहाचा परंपरागत पोशाख असून त्यास शयनवस्त्र संबोधणे हे अज्ञानमूलक आहे; सबब पाटीतील 'नाइट ड्रेस' या शब्दाची व्याख्या करण्यात यावी. मुलगा म्हणाला, "बाबा, घर मालकांचं आहे, भाडं कंपनी भरते, जरा जपून." मी त्याला सांगितले की जपून लिहिलेले पत्र हे पत्र नसते.

व्यवस्थापक सुदानी, सौम्य, धिप्पाड. अंगात स्वच्छ पांढरा झगा. त्यांनी आम्हा दोघांना बसवले, कहवा दिला, माझे पत्र समोर ठेवले आणि माझा युक्तिवाद अडथळा न आणता ऐकून घेतला. तो उत्तम झाला होता. वस्त्राची जात त्याच्या उपयोगावरून ठरते, उपयोग लोकाचारावरून ठरतो आणि लोकाचार माझ्या शेजारी बसला आहे, येथपर्यंत मी आलो होतो. व्यवस्थापक व्याह्यांकडे वळले.

"चाचा, एकच विचारतो. हे नेसून तुम्ही झोपता का?"

हरकत घेण्यासाठी मी तोंड उघडले.

"हो," व्याही म्हणाले. "फार छान झोप लागते. तुम्हीही झोपून पाहा."

मी पेला खाली ठेवला. व्यवस्थापकांचे खांदे हलू लागले, मग ते मोठ्याने हसले. आणि साक्षीदाराने, आपण कोणाचे तरी भले केले अशा समाधानाने, माझा खांदा थोपटला. "खलास," डोळे पुसत व्यवस्थापक म्हणाले. "नियम मालकांचा आहे, लॉबीपुरता आहे. मागच्या दाराला पाटी नाही."

"मागच्या दाराने?" मी उठून उभा राहिलो. "जिथून कचरा जातो, तिथून माझे व्याही जाणार?"

"तिकडे खजुरीची झाडं आहेत ना, बेसन?" व्याह्यांनी माझी बाही धरली. "मग आपलं तेच पुढचं दार."

मुद्दा मी हरलो होतो आणि माणूस जिंकला होता; या प्रकारचा निकाल कसा नोंदवतात ते मला आजही माहीत नाही. तिकीट जिथे होते तिथेच राहिले. निषेध म्हणून मीही रोज त्यांच्याबरोबर मागच्या दाराने जाऊ लागलो, कडक इस्त्रीत. कचऱ्याच्या पेट्या ओलांडल्या की भिंतीलगत चार खजुरी होत्या, त्यांच्याखाली रात्रीचा गारवा अजून शिल्लक असे. व्याही पुढे चालत. वारा आला की पेलिकात फुगे, आणि करड्या पहाटेत ते जमिनीवरून चालत आहेत की पाण्यावरून तरंगत निघाले आहेत, हे सांगणे कठीण होई. मी मागून मालकांना लिहायच्या पत्राची वाक्ये जुळवत असे. एकही पूर्ण झाले नाही.

व्हिसा संपला तेव्हा ते स्वच्छ बाजू घालून विमानतळावर गेले. झोळीचे पेलिकात चौकटीलाच राहू दिले. "ती मोठी होईपर्यंत," म्हणाले, आणि मग माझ्याकडे पाहून, "किंवा तुम्हाला लागलं तर."

मला लागेल असे मला वाटले नव्हते. नात आता पाळण्यात झोपते. एके दिवशी सूनबाईने झोळी सोडून धुतली आणि घडी करून माझ्या पलंगावर ठेवली, नुसती ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फजरनंतर मी पायांच्या सवयीने लिफ्टपाशी गेलो, सवयीने मंदावलो, पुढे कोणाचा हात आला नाही म्हणून डोळे मिटून बटन दाबले. ठिणगी उडाली नाही. मी खाली पाहिले तेव्हा मला समजले की रात्री जे नेसून झोपलो, ते अजून माझ्या कमरेला आहे, आणि सुटलेले नाही.

लिफ्ट लॉबीत उघडली. रखवालदार उभा राहिला, त्याने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. माझी पत्रे त्याने पाहिली आहेत. त्याचा आवाज फार हळू निघाला. "वकीलसाब... ये नाइट ड्रेस है क्या?"

विचारल्याखेरीज बोलू नये आणि विचारले तरी जपून बोलावे, हे मी जन्मभर माझ्या साक्षीदारांना शिकवत आलो आहे.

"हां," मी म्हणालो. "बहुत अच्छी नींद आती है।"

आणि वळून मागच्या दाराने बाहेर पडलो. खजुरींखाली गारवा होता. वारा आला, कापड फुगले, आणि कोणीतरी पुढून 'बेसन' म्हणून हाक मारील असे वाटून मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो.