कुडाळचा कॉल दोनदा तुटला, त्याविषयी

तक्रारदार : मी स्वतः, वय त्रेपन्न, शिक्षण नववी (सहामाहीपर्यंत), व्यवसाय अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण दिंडोशीच्या न्यायालयासमोरील रांगेतला शेवटून दुसरा गाळा.
पीडित पक्ष : त्याच गाळ्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या टंकलेखिका ताई, वय एकेचाळीस.
आरोपी : तूर्त अज्ञात.
घटनेचे दिवस : एक मंगळवार, त्याच आठवड्यातला शुक्रवार, आणि पुढच्या आठवड्यातला शनिवार.
साक्षीदार : पहिला, गाळ्यातला संगणक. दुसरी, माझी आवक-जावक नोंदवही. तिसरी, कुडाळकडची एक आई, जिला ही हकिकत दोन्ही वेळा अर्धीच दिसली.

कोणाचेही नाव मी मुद्दाम घातलेले नाही. मामला लग्नाचा आहे, आणि लग्न ठरेपर्यंत नावे कागदावर आणू नयेत असा माझा अनुभवसिद्ध नियम आहे.

आमच्या गाळ्यात मोबाइलला रेंज येत नाही. वर स्लॅब, पुढे लोखंडी शटर, मागे दुसऱ्या इमारतीची भिंत. शटरबाहेर एक पाऊल टाकले की चार दांड्या, आत आले की एकही नाही. म्हणून इंटरनेटची वायर थेट संगणकात घेतलेली आहे, आणि संगणकाला लावलेल्या नखाएवढ्या डोंगलमधून ते वायफाय होऊन आमच्या फोनना मिळते. यालाच हॉटस्पॉट म्हणतात. म्हणजे आमचा संगणक स्वतः वायरीतून घेतो आणि इतरांना हवेतून वाटतो. अशी वृत्ती मी फार थोड्या कचेऱ्यांत पाहिली आहे.

संगणक जुना. त्यातली आधीची व्यवस्था कोलमडली तेव्हा ताईंनी एका रविवारी व्हिडिओ पाहून पाहून त्यात लिनक्स नावाची नवी व्यवस्था घातली. मला प्रथम ते पसंत नव्हते. पण एके दिवशी पडद्यावर पासवर्डाची चौकट पुन्हा आली, तेव्हा मी विचारले, “ताई, आत्ताच तर दिला होता, परत का मागतंय?”

“मोठं काम सांगितलं की आधी अधिकार विचारतं, भाऊ. उगाच कोणाचं ऐकत नाही.”

त्या उत्तराने मी जिंकला गेलो. अधिकार तपासल्याशिवाय बोट न हलवणारे यंत्र! तेव्हापासून मी लिनक्सचा उल्लेख नेहमी आदरार्थी बहुवचनात करतो.

आता कुडाळकडचे गृहस्थ. ते विधुर, वय पंचेचाळीस, गावी भाताची गिरण चालवतात. बहिणीच्या वारस दाखल्यासाठी मुंबईला आले होते. प्रतिज्ञापत्र ताईंनी टंकून दिले. काम तेवढ्यात संपले होते. परंतु ते दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रत मागायला आले, तिसऱ्या दिवशी आणखी एक. चौथ्या दिवशी मी म्हणालो, “साहेब, एवढ्या प्रती तर सुप्रीम कोर्टालाही लागत नाहीत.” ते लाजले, ताई लाजल्या, आणि मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने खाली पाहिले.

ते गावी परतल्यावर महिनाभर दोघांचे संदेश चालले. मग त्यांच्या आईने अट घातली की आधी मुलगी बघणार, फोनवर का होईना, पण चेहरा बघून बोलणार. ताई राहतात वाकोल्याला, भावाच्या संसारात, एका खोलीत. तिथे बोलायचे म्हणजे ठरण्याआधी आळीभर पेढे. गाळ्याबाहेर उभे राहून बोलायचे तर रांगेतल्या प्रत्येक नोटरीला कान आहेत. संगणकाला कॅमेरा नाही. उरला ताईंचा फोन आणि आमचा हॉटस्पॉट.

मंगळवारी सायंकाळी चार वाजता पहिला कॉल लागला. सभ्य माणूस अशा वेळी उठून बाहेर जातो हे मला ठाऊक आहे, पण ताईच म्हणाल्या, “भाऊ, बसा हो. एकटीला धीर होत नाही.” म्हणून मी बसलो, मात्र पाठ वळवून. आपले लक्ष तिकडे नाही हे दिसावे यासाठी मी तयार कागदांच्या प्रतींवर माझा शिक्का मारण्याचे काम हाती घेतले. सुरुवातीला जेवणखाण, हवापाणी झाले. मग पलीकडून आईंचा आवाज आला :

“गो, गावाक रवशीत मां तू? मुंबयची सवय असतली तुका.”

प्रश्न नाजूक होता. मी अधिकच जोरात कामाला लागलो. आणि ताईंचे उत्तर ओठांवर असतानाच सर्व शांत झाले. वळून पाहतो तो फोनच्या पडद्यावर आई गोठलेल्या आणि वायफायची खूण गायब. अर्ध्या मिनिटाने ती परत आली, पण तोवर तिकडे फोन ठेवला गेला होता.

आईंच्या फोनवर ताई कशा गोठल्या होत्या ते नंतर गृहस्थांनी कळवले : डोळे मिटलेले, तोंड उघडे. आईंचे मत असे पडले होते, “साधो प्रश्न इचारलंय तर तोंड वाकडा केल्यान, नि फोनच बंद केल्यान.”

ताई पेटून उठल्या. म्हणजे दु:खाने नव्हे, कामाने. हा डोंगल वीज वाचवण्यासाठी मधूनच डुलकी घेतो, असे त्यांनी कुठेतरी वाचले. लिनक्सनी अधिकार विचारला, ताईंनी दिला, आणि डोंगलची झोप कायमची बंद केली. मी बाजूला उभा राहून “मंजूर” म्हणालो.

शुक्रवारी दुसरा कॉल. मी पुन्हा पाठ वळवली. या वेळी तर आईंनी सरळच विचारले, “तुका माझो राग इलो काय गो त्या दिसा?” इतका हळवा प्रश्न ऐकून माझ्या पाठीलाही लाज वाटली. मी रेशनकार्ड दुरुस्तीच्या पाच प्रती ओढल्या आणि त्यात बुडून गेलो. तिसऱ्या प्रतीला ताई ओरडल्या, “गेलं! भाऊ, परत गेलं!”

ताईंनी फोन टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. म्हणाल्या, “भाऊ, मला माणूस आवडलाय. या वयात परत परत नाही हो आवडत कोणी.”

मी अनेकांची दु:खे कागदावर उतरवली आहेत, पण या वाक्याला कोणता मथळा द्यावा हे मला सुचले नाही. गृहस्थांनी संध्याकाळी कळवले की आई आणखी एकदाच बोलायला तयार आहेत, पुढच्या शनिवारी चारला, आणि ते शेवटचे. तेव्हाही मुलीने फोन आपटला तर विषय बंद.

मी ताबडतोब केबलवाल्याविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली. भाषा इतकी धारदार होती की वाचताना मलाच कापल्यासारखे झाले. त्यावर मी तीन शिक्के मारले. हॉटस्पॉट पुन्हा पडला. मी म्हणालो, “बघा, आरोपी किती निर्ढावलेला आहे!”

ताईंनी तोवर दुसरा उपाय केला. आसपासच्या सगळ्या गाळ्यांचे वायफाय एकाच चॅनेलवर दाटीवाटीने बसले आहे, म्हणून आपले सहावरून अकरावर नेले. सोमवारी साडेबारापर्यंत हॉटस्पॉट दोनदा पडला. तेव्हा मी जाहीर केले की उपाय पुरे, आता रीतसर चौकशी.

“ताई, संगणक स्वतः काही सांगत नाही का?”

“सांगतो ना. सगळं लिहून ठेवतो. काय झालं, किती वाजता झालं.”

“म्हणजे रोजनामा?”

“रोजनामाच. लॉग म्हणतात.”

माझे डोळे पाणावले हे मी नाकारत नाही. या गाळ्यात हे यंत्र वर्षभर माझ्या शेजारी बसून माझ्यासारखाच रोजनामा लिहीत होते आणि मला पत्ता नव्हता! न्यायालयाच्या रांगेत बसणारा मीच एक अर्जलेखक असा आहे की शिक्का मारलेल्या प्रत्येक कागदाची वेळ मिनिटासह नोंदवतो. लोक हसतात. हसोत. मी नोंदवही उघडली, चष्मा चढवला, आणि म्हणालो, “साक्षीदार क्रमांक एकने वाचावे. क्रमांक दोन पडताळणी करील.”

ताई पडद्यावरून वाचू लागल्या. “आज, सोमवार. अकरा बेचाळीसला यूएसबी निघालं, म्हणजे आपला डोंगलच. लगेच परत जोडलं गेलं.”

“अकरा बेचाळीस,” मी वाचले, “वारस दाखला, तीन प्रती.”

“बारा सव्वीसला निघालं.”

“बारा सव्वीस. भाडेकराराची नक्कल, दोन प्रती.”

“शुक्रवार. चार सतरा.”

“चार सतरा. रेशनकार्ड दुरुस्ती, पाच...” मी थांबलो.

ताईंनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. “त्याच दिवशी, सहा वीस?” त्यांनी हळूच विचारले.

“सहा वीस,” मी नोंदवहीवर बोट ठेवून म्हणालो. “केबलवाल्याविरुद्ध तक्रार. तीन पाने.”

माझ्या शिक्का मारण्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. शिक्क्यावर फक्त ‘मसुदा तयार करणार’ एवढेच आहे आणि कायद्याने त्याची गरज नाही. परंतु कागदावर शिक्का पडला हे अर्जदाराला ऐकू आले पाहिजे, अशी माझी पद्धत आहे. आवाजाने त्याला धीर येतो. त्यामुळे मी हात खांद्यापर्यंत नेतो. संगणकाचा डबा त्याच टेबलावर उभा असतो आणि डोंगल त्याच्या पुढच्या, सैल झालेल्या खाचेत.

“मारा,” ताई म्हणाल्या.

मी कोऱ्या कागदावर मारला. डोंगलचा इवलासा दिवा विझला. क्षणभराने लागला.

“परत मारा!”

मारला. विझला. लागला.

त्यानंतर काय झाले ते माझ्या वयाला शोभणारे नाही. ताई हसता हसता खुर्चीतून घसरल्या. मी शिक्का उंचावून, पायाने ताल धरून, कागदावर कागद ठोकत सुटलो, आणि प्रत्येक ठोक्याला तो दिवा माझ्या हुकमावर डोळा मिचकावत होता. बाहेरून चहावाल्या मावशी वाकून म्हणाल्या, “काय रे, लॉटरी लागली काय?” मी म्हणालो, “मावशी, आरोपी सापडला!” “कोण?” “मी!” आणि हे सांगताना मला जो आनंद झाला तो निर्दोष असतानाही कधी झालेला नाही.

ताई डोळे पुसत म्हणाल्या, “भाऊ, म्हणजे आईंनी नाजूक काही विचारलं की तुम्ही...”

“सभ्यपणा म्हणून,” मी म्हणालो. “तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून.”

“तुमच्या सभ्यपणाने वाट लागली होती माझी!” म्हणत त्या पुन्हा हसायला लागल्या.

शनिवारपर्यंत ताईंनी यूएसबीची लांब वायर आणली, डबा टेबलावरून उचलून स्वतंत्र स्टुलावर ठेवला, आणि डोंगल वायरीच्या टोकाला लावून भिंतीवरच्या खिळ्याशी कपड्यांच्या चिमट्याने अडकवला. मी शिक्का आणि शाईचे पॅड खणात ठेवून खणाला कुलूप लावले. चार वाजता कॉल लागला. रांग सुट्टीमुळे शांत होती. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

आई नऊवारीत, चष्मा नाकाच्या टोकावर, मागे मुलगा उभा. इकडचे तिकडचे काहीच नाही. पहिलाच प्रश्न :

“आज तरी सांग गो. माझो राग इलो होतो मां तुका?”

ताई “नाही हो आई” म्हणायला गेल्या आणि त्यांना एकदम हसू फुटले. थांबेना. पलीकडे आईंचा चेहरा ताठ होऊ लागला. तेव्हा मी उठलो आणि पडद्यासमोर आलो.

“मातोश्री, नमस्कार. आरोपी हजर आहे.”

“ह्यो कोण रे?” त्यांनी मुलाला विचारले.

“ते अर्ज लिहितात, आई. त्यांच्या शेजारी बसतात.”

मी साक्ष दिली. हॉटस्पॉट म्हणजे काय इथपासून, पाठ वळवण्याचे कारण, पाच प्रती, रोजनाम्यांची पडताळणी. मध्ये मुलगा तोंडावर रुमाल धरून बाजूला गेला. आईंनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या :

“म्हणजे तुम्ही थंय ठोकी होतास, नि हंय माझी सून बंद पडा होती?”

ताईंचे हसू थांबले. मुलगा रुमालासह परत पडद्यात आला. आईंनाही कळले काय बोललो ते, त्यांनी चष्मा वर सारला आणि घाईने म्हणाल्या, “आपला असा बोलान गेलंय. अजून काय ठरूक नाय. तुम्ही ह्या सगळा माका लिवन देवा. नुसता तोंडान सांगलेला माझ्याकडे चलाचा नाय.”

मला त्या बाईंविषयी जो आदर वाटला तो कोणत्याही न्यायाधीशाविषयी वाटलेला नाही. कॉल पुढे पंचेचाळीस मिनिटे चालला, एकदाही न तुटता, आणि त्यात दोघी भाकरी, गिरणीचा आवाज व ताईंचे टंकलेखन गावी चालेल का, यांवर इतक्या रंगल्या की आम्हा दोघा पुरुषांची कोणी विचारपूस केली नाही.

सोमवारी मी लेखी निवेदन रजिस्टर टपालाने पाठवले. त्याचा शेवट येथे नमूद करतो, कारण त्यातल्या एकाही शब्दात मला बदल करावासा वाटत नाही :

सबब, माननीय आईसाहेबांस सविनय प्रार्थना की, उपरोक्त दोन्ही प्रसंगी संभाषण तुटण्यास सदर ताई जबाबदार नसून खाली सही करणारा एकटा जबाबदार आहे, हे मान्य करावे; ताईंच्या उघड्या तोंडावरून काढलेला निष्कर्ष रद्द करावा; आणि शनिवारी आपल्या मुखातून जो एक शब्द सहज निघून गेला तो मागे न घेता कायम करावा. उत्तर कृपया लेखी द्यावे. होकार असल्यास एक ओळ पुरेल. नकार असल्यास मात्र कारणे सविस्तर नमूद करावीत, म्हणजे त्यांवर आम्हास रीतसर हरकत घेता येईल.